ट्रकच्या अल्टरनेटरची चार्जिंग केबल बदलताना: मोजमाप, जाडी आणि फ्यूजची जागा

प्रश्न थोडक्यात असा: २४ व्होल्टच्या ट्रकवरचा ८० अँपिअरचा अल्टरनेटर काढून १५० अँपिअरचा बसवला आहे. केबल जुनीच, १६ चौरस मिमीची आणि सुमारे ५ मीटर लांब. लोड चालू असताना केबलमधून १२० अँपिअर जातात. तेव्हा अल्टरनेटरवर २८.३ व्होल्ट दिसतात, बॅटरीवर मात्र २७.१, आणि केबल चांगलीच गरम होते. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत थेट जाड केबल टाकली तर चालेल का, केवढी टाकायची, आणि फ्यूज कुठे बसवायचा?

चालेल. पण फ्यूजचं आधी सांगतो, कारण बहुतेक जण चुकतात ते तिथेच. फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, अल्टरनेटरच्या नव्हे. ‘करंट अल्टरनेटरकडून येतो, मग फ्यूजही तिकडेच’ हा विचार वरवर बरोबर वाटतो, पण तो आग लावणारा आहे. अल्टरनेटर स्वतःच्या क्षमतेपेक्षा फारसा जास्त करंट देऊच शकत नाही. त्याच्या वाइंडिंगची रचनाच तशी असते. बॅटरीचं तसं नाही. केबलचं आवरण कुठे घासलं आणि तांबं चासीला टेकलं, तर बॅटऱ्या एका क्षणात हजारो अँपिअर ओततात, तेही इंजिन बंद असताना, गाडी रात्री उभी असतानासुद्धा. बॅटरीच्या प्लसला जोडलेली प्रत्येक नवी केबल म्हणजे हा धोका तितक्या लांबीने वाढवणं. म्हणून केबल बॅटरीपासून जिथे निघते तिथेच, २० सेंटीमीटरच्या आत, फ्यूज. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला कुठलंच संरक्षण नसतं. तो जितका आखूड तितका चांगला, आणि त्यावर दुहेरी स्लीव्ह चढवायची.

आता केबल. विकत घेण्याआधी १.२ व्होल्ट नेमके कुठे जातात ते शोधा. यासाठी साधा मल्टीमीटर आणि डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर पुरतो. इंजिन १५०० आरपीएमवर ठेवा. हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळं चालू करा आणि क्लॅम्प मीटरवर किती अँपिअर जातात ते लिहून ठेवा. मग मल्टीमीटरची एक पिन अल्टरनेटरच्या बी प्लस स्टडवर (चार्जिंग केबल जोडतात त्या बोल्टवर) आणि दुसरी बॅटरीच्या प्लस पोलवर ठेवा. पिन पोलवर आवळलेल्या केबलच्या क्लॅम्पवर नको, शिशाच्या पोलवरच टेकवा. जो आकडा येईल ती प्लस बाजूची व्होल्टेजची घट. तसंच अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनस पोलपर्यंत मोजा, ती अर्थ बाजूची घट. दोन्हींची बेरीज साधारण १.२ यायला हवी.

तुमच्या आकड्यांवरून हिशेब लावता येतो. १६ चौरस मिमी तांब्याचा रोध मीटरला सुमारे १.१६ मिलिओहम, म्हणजे ५ मीटरला ५.८. त्यातून १२० अँपिअर गेले की ०.७ व्होल्ट खर्च होतात. उरलेला अर्धा व्होल्ट केबलमध्ये नाही. तो लगांत (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या, भोक असलेल्या तांब्याच्या टोप्यांत), गंजलेल्या टोकांत आणि अर्थच्या वाटेत आहे. समजा प्लस बाजूला ०.९ आणि अर्थ बाजूला ०.३ मिळाले, तर नवी केबल टाकूनही अर्थचे ०.३ जिथल्या तिथेच राहतील. फक्त प्लसची केबल बदलून ‘काही फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांचं काम इथेच फसलेलं असतं.

आणखी एक गोष्ट ताडून पाहा. अल्टरनेटरवरच व्होल्टेज कमी दिसत असेल, समजा २६.८, आणि तो पूर्ण क्षमतेने करंट देत असेल, तर दोष वायरिंगचा नसतो. बॅटऱ्या खूप उतरलेल्या असतात, लोड क्षमतेपेक्षा जास्त असतो किंवा पट्टा घसरत असतो. तुमच्याकडे अल्टरनेटरवर २८.३ व्होल्ट आहेत, म्हणजे तो ठीक आहे. यातून हेही कळतं की त्याचा रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) व्होल्टेज स्वतःच्याच टोकाला बघतो, बॅटरीपाशी बघत नाही. वेगळ्या सेन्स वायरने बॅटरीपाशी बघणारा असता तर त्याने केबलची घट भरून काढली असती: बॅटरीवर २८ च्या पुढे आणि अल्टरनेटरवर २९ च्याही वर दिसले असते. तुमच्या अल्टरनेटरला सेन्सचं टर्मिनल असेल, तर १.५ चौरस मिमीची वायर बॅटरीच्या प्लसपर्यंत न्यायला हरकत नाही. तिला बॅटरीपाशी ५ अँपिअरचा फ्यूज द्या. मात्र सेन्स वायर खराब केबलवरचा इलाज म्हणून लावू नका. घट तशीच राहते, फक्त अल्टरनेटर जास्त व्होल्टेजवर राबतो आणि केबल पहिल्याइतकीच तापते.

जाडी ठरवताना करंट अल्टरनेटरच्या पूर्ण क्षमतेचा धरा, आज दिसणारा नव्हे. १५० अँपिअर आणि ५ मीटरला १६ चौरस मिमीमध्ये ०.८७ व्होल्ट जातात आणि केबलभर १३० वॉटची उष्णता सुटते. ३५ चौरस मिमीमध्ये (मीटरला ०.५३ मिलिओहम) हीच घट ०.४ व्होल्ट. ५० मध्ये (०.३७ मिलिओहम) पाव व्होल्टच्या थोडी वर, ०.२८. हे आकडे २० अंशांचे. इंजिनजवळ तांबं ८० अंशांवर गेलं की रोध जवळपास चौथ्या हिश्शाने वाढतो, म्हणजे ५० चौरस मिमीचीही खरी घट ०.३५ च्या आसपास येते. २४ व्होल्टच्या गाडीत प्लस आणि अर्थ मिळून अर्ध्या व्होल्टच्या आसपास थांबावं, असा माझा आग्रह असतो. म्हणून तुमच्यासाठी ५० चौरस मिमी. ३५ मध्ये केबल जळणार नाही, पण उन्हाळ्यात बॅटरीला मिळायला हवं तेवढं व्होल्टेज मिळणार नाही. ७० घेतलीत तर फायदा एक दशांश व्होल्टचाही नाही, आणि एवढी ताठ केबल अल्टरनेटरच्या स्टडवर ओढ देत राहते.

१२ व्होल्टच्या गाडीवर हा हिशेब जसाच्या तसा लावू नका. तेवढ्याच वॉटला करंट दुप्पट लागतो आणि चालण्याजोगी घट निम्मी असते, म्हणजे तेवढ्याच लांबीला चौपट तांबं.

केबल शुद्ध तांब्याची, बारीक तारांची आणि किमान १०५ अंश सोसणाऱ्या आवरणाची घ्या. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त मिळते आणि दिसायला तितकीच जाड असते, पण ती तांब्याच्या दोन-तृतीयांशाहूनही कमी करंट-वाहक असते आणि लगमध्ये दाबली की हळूहळू सैल पडते. टोक चाकूने खरवडून पाहा: आत पांढरं दिसलं तर परत करा. वेल्डिंगची केबल लवचीक असते म्हणून अनेक जण वापरतात, पण तिचं रबर डिझेल आणि ऑइलपुढे टिकेलच असं नाही.

फ्यूज मेगा प्रकारचा, बोल्टने बसणारा, २०० अँपिअरचा. अल्टरनेटरच्या क्षमतेच्या सव्वापट म्हणजे १८७, त्याच्या वरचा प्रचलित आकडा २००. सतत चालणारा करंट फ्यूजच्या तीन-चतुर्थांशावर राहतो, त्यामुळे तो उगाच जुना होऊन उडत नाही, आणि ५० चौरस मिमीची केबल २०० अँपिअरने धोक्यात येत नाही. हा दुसरा निकष विसरू नका. फ्यूज केबलला वाचवण्यासाठी असतो. १६ ची केबल ठेवून २०० चा फ्यूज लावला, तर केबल आधी जळेल आणि फ्यूज शाबूत राहील. फ्यूजवर छापलेलं व्होल्टेजही बघा. किमान ३२ हवं, २४ व्होल्टच्या गाडीत ५८ किंवा ७० चा मिळाला तर तोच घ्या. कमी व्होल्टेजचा फ्यूज वितळल्यावरही आत ठिणगी चालू राहू शकते. कार ऑडिओसाठीचे पारदर्शक प्लास्टिकचे होल्डर इथे नकोत. सतत १०० अँपिअरच्या वर गेले की त्यांचं प्लास्टिकच मऊ पडतं.

बऱ्याच ट्रकवर अल्टरनेटरची केबल बॅटरीपर्यंत जातच नाही. ती सेल्फच्या (स्टार्टर मोटरच्या) मोठ्या स्टडवर संपते, आणि तिथून बॅटरीपर्यंत सेल्फचीच ७० किंवा ९५ चौरस मिमीची केबल असते. तुमच्याकडे तसं असेल तर मधला दीड-दोन मीटरचा तुकडा बदलून काम भागतं. तेव्हा फ्यूज सेल्फच्या स्टडजवळ येईल, पण इंजिनवर नको, चासीवर. इंजिनच्या थरथरीने मेगा फ्यूजची पट्टी पिचते. आधी वायर हाताने माग काढत जा, मग लांबी मोजा.

जुनी केबल नव्या केबलच्या जोडीला तशीच ठेवावी का? दोन वाटा असल्या की ताण वाटला जाईल असं वाटतं. तुमच्या बाबतीत १५० पैकी साधारण ११४ अँपिअर नवी नेईल आणि ३६ जुनी. इथवर ठीक. पण नव्या केबलचा फ्यूज कधी उडाला, तर सगळे १५० अँपिअर एकट्या जुनीवर येतात. तिच्यात कंपनीची फ्युजिबल लिंक (जास्त करंटला वितळणारा वायरचा तुकडा) असेल तर ती वितळते, आणि त्या क्षणी भरात चालणारा अल्टरनेटर बॅटरीपासून पूर्ण तुटतो. याला लोड डंप म्हणतात. बॅटरीचा आधार गेला की अल्टरनेटरच्या फील्ड कॉइलमधलं चुंबकत्व ओसरेपर्यंत, सेकंदाच्या काही दशांशांत, व्होल्टेज उसळतं. २४ व्होल्टच्या वाहनांचे सुटे भाग तपासताना बिनसंरक्षित लोड डंपसाठी १५० ते २०० व्होल्टचा धक्का धरतात, यावरून अंदाज घ्या. इंजिनचा संगणक (ईसीयू), रेग्युलेटर, डायोड यांपैकी काहीही जाऊ शकतं. आणि लिंक नसेल, तर जुनी केबलच पेटते. म्हणून जुनी केबल काढून टाका. काढताना बघा की केबिनच्या फ्यूज बॉक्सला सप्लाय तिच्यावरूनच जात नाही ना. जात असेल तर तो सप्लाय स्वतंत्र फ्यूजसह बॅटरीवरून द्या.

डॅशबोर्डवर अँपिअर मीटर असलेल्या जुन्या गाड्यांचं वेगळं आहे. त्यांत चार्जिंगचा सगळा करंट केबिनमध्ये जाऊन, मीटरमधून फिरून बॅटरीकडे येतो. हे मीटर आणि फायरवॉलमधले कनेक्टर मूळच्या लहान अल्टरनेटरच्या हिशेबाने बनवलेले असतात. मोठा अल्टरनेटर बसवला की पहिली आग डॅशच्या मागे लागते. थेट केबल टाकल्यावर मीटर नीट आकडा दाखवणार नाही, कारण बहुतेक करंट त्याला वळसा घालून जाईल. तो मीटर सर्किटमधून काढा, त्याच्या दोन वायर एकत्र जोडून नीट इन्सुलेट करा, आणि त्या जागी व्होल्टमीटर बसवा.

अर्थ बाजूला बहुतेकदा नवी केबल लागत नाही, स्वच्छता लागते. अल्टरनेटरचा मायनस त्याच्या ब्रॅकेटमधून इंजिनच्या ब्लॉकला, तिथून पट्टीने चासीला आणि चासीवरून बॅटरीला जातो. ब्रॅकेटवर रंग, पट्टीखाली गंज आणि मधे ढिला बोल्ट, इतकं पुरतं. प्रत्येक जोड उघडा, पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, घट्ट करा, आणि मग वरून व्हॅसलीन किंवा टर्मिनल ग्रीस लावा. ग्रीस आधी लावून जोड बांधू नका. याशिवाय अल्टरनेटरच्या अर्थ स्टडपासून सेल्फच्या अर्थ बोल्टपर्यंत ५० चौरस मिमीचा आखूड तुकडा टाकलात तर ब्रॅकेटवर भिस्त राहत नाही. काही अल्टरनेटरांत मायनस बॉडीपासून वेगळा असतो. तिथे ही केबल असलीच पाहिजे.

बॅटरीच्या मायनस पोलवर चौकोनी सेन्सर बसवलेला असेल तर तुमची नवी अर्थ केबल पोलवर लावू नका, सेन्सरच्या पलीकडच्या, गाडीच्या बाजूला लावा. पोलवर लावली तर तिच्यातून जाणारा करंट सेन्सरला दिसत नाही, आणि गाडीचा संगणक बॅटरीचा हिशेब चुकवतो. अशा गाड्यांत चार्जिंगचं व्होल्टेज संगणक स्वतः कमी-जास्त करतो. मधूनच २६ दिसले म्हणजे बिघाड असं समजू नका.

आता प्रत्यक्ष काम. इग्निशन बंद करून किमान ५ मिनिटं थांबा. डीईएफ (धूर स्वच्छ करण्यासाठी फवारला जाणारा युरियाचा द्रव) असलेल्या इंजिनांत पंप लाइन रिकामी करत असतो, मधेच सप्लाय तोडला तर द्रव आत सुकून नोझल बंद पडतं. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढा, डोळ्यांवर गॉगल. आधी मायनस सोडा, मग प्लस. उलट केलंत आणि प्लसवरचा पाना चासीला लागला, तर पाना तिथेच वेल्ड होतो. आणि बॅटरीपाशी हायड्रोजन साठलेला असू शकतो.

लगवर वेळ खर्च करा, कारण गरम होणारे जोड बहुतेक इथेच तयार होतात. टिन चढवलेले तांब्याचे लग घ्या, भोक स्टडच्या मापाचं: अल्टरनेटरला बहुधा ८ मिमी, पण मोजून घ्या. केबल लगच्या नळीच्या खोलीपेक्षा १-२ मिमी जास्तच सोला, आणि एकही तार कापली जाऊ देऊ नका. त्याच मापाच्या षटकोनी डायने हायड्रॉलिक क्रिम्पर वापरून दाबा. हातोड्याने ठोकलेला किंवा पकडीने दाबलेला लग आत पोकळ राहतो. शंका असेल तर एक लग जास्तीचा दाबून करवतीने आडवा कापा: तारा एकमेकींत बसून घट्ट तांबं दिसलं पाहिजे, मधे फटी नकोत. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. कथील तारांमधून वर चढतं, तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो आणि इंजिनच्या थरथरीने बरोबर त्याच्या कडेला तुटतो. शिवाय जोड तापला की कथीलच वितळतं. वर गोंदाचं अस्तर असलेली हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

स्टडवर लग सगळ्यात खाली, धातूला धातू टेकलेला, वर वॉशर आणि मग नट. लगच्या खाली स्टीलचा वॉशर आला की करंट त्याच्यातून जातो आणि तो भाग तापतो. दोन लग एकाच स्टडवर असतील तर जास्त करंटचा आधी. नट अल्टरनेटर बनवणाऱ्याने दिलेल्या टॉर्कला कसा. जोर लावून पिळला तर स्टड इन्सुलेटरमध्ये फिरतो आणि आतली रेक्टिफायर प्लेट तुटते.

केबल नेताना सायलेन्सर, टर्बो, डिझेलचे पाइप आणि ब्रेकच्या हवेच्या नळ्या यांपासून दूर ठेवा. हवेच्या नळीला नायलॉन टायने बांधलेली चार्जिंग केबल हा प्रकार फार दिसतो. शॉर्ट झाली तर ती ब्रेकही नेते. दर ३० सेंटीमीटरला रबर असलेली पी-क्लिप, पत्र्यातून जाताना ग्रोमेट, आणि वरून कोरुगेटेड कंड्यूट. इंजिनवरून चासीवर येते तिथे एक सैल वळसा ठेवा. लोडमध्ये इंजिन हलतं, आणि ताठ केबल ती हालचाल सगळी स्टडवर ढकलते. वळणाची त्रिज्या केबलच्या जाडीच्या पाचपट तरी असू द्या. केबिन उचलणारी असेल तर ती पूर्ण उचलून आणि पूर्ण बसवून दोन्ही वेळा पाहा.

सगळं जोडून झाल्यावर फ्यूज मात्र लगेच बसवू नका. आधी बॅटऱ्या जोडा, आणि फ्यूजच्या रिकाम्या जागेच्या दोन टोकांमध्ये २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. इग्निशन बंद असताना तो विझलेलाच राहिला पाहिजे. पेटला तर केबल कुठेतरी टेकली आहे, डायोड शॉर्ट आहे किंवा अल्टरनेटर उलटा जोडला गेला आहे. या पाच मिनिटांत २०० अँपिअरचा फ्यूज, आणि कधी अल्टरनेटरही वाचतो. बल्ब शांत असेल तर मायनस पुन्हा सोडा, फ्यूज कसा, झाकण लावा आणि मायनस जोडा.

मग इंजिन चालू करून सुरुवातीचंच मोजमाप तेवढ्याच लोडवर पुन्हा घ्या. १२० अँपिअरला प्लस बाजूला ०.३ च्या आत, अर्थ बाजूला ०.१ च्या आसपास, बॅटरीवर २७.९ च्या जवळपास. अर्धा तास चालवल्यावर अल्टरनेटर स्वतः तापतो आणि बरेच रेग्युलेटर तेव्हा व्होल्टेज थोडं उतरवतात. ते चालतं, घट मात्र फारशी वाढता कामा नये. त्याच वेळी इन्फ्रारेड थर्मामीटर प्रत्येक लगवर धरा. एखादा लग शेजारच्या केबलपेक्षा १५-२० अंशांनी गरम असेल तर तो कापून नवा दाबा, नट आणखी पिळून तो सुधारत नाही.

पट्ट्याकडेही बघा. १५० अँपिअर गुणिले २८ व्होल्ट म्हणजे ४.२ किलोवॉट, आणि अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्के धरली तर पुलीवर ७ किलोवॉट, सव्वानऊ-साडेनऊ हॉर्सपॉवर लागते. ८० अँपिअरसाठी असलेला एकेरी व्ही-पट्टा इतका भार घेताना घसरेल. जाड केबलमुळे उतरलेल्या बॅटऱ्या आता जास्त करंट ओढतील, त्यामुळे पूर्वी न येणारा किंचाळण्याचा आवाज नंतर सुरू होऊ शकतो.

आठवडाभराने सगळे नट एकदा टॉर्क रेंचने तपासा, कारण नवं तांबं दाबाखाली थोडं बसतं. पुढे दर ऑइल बदलाला घटीचं मोजमाप घेऊन गाडीच्या वहीत लिहा. आणि फ्यूज कधी उडाला, तर त्या जागी २५० चा बसवून गाडी पुढे काढू नका. मायनस सोडा, सिरीज बल्ब लावा, आणि तो का उडाला ते सापडेपर्यंत नवा फ्यूज डब्यातच ठेवा.